कडता

लातूरच्या आडत बाजारात माझा बाप मापाडी.
छत्तीस वर्षं काट्यासमोर उभा.
पावतीच्या कोपऱ्यात त्याची तिरपी सही
आणि सदऱ्याच्या खिशात कायम चार दाणे,
कुठल्या तरी पोत्यातले.

अकरावीचा फॉर्म मी त्याच्यापुढं ठेवला
भाकरी खाऊन झाल्यावर, रात्री साडेनवाला.
सहा खाने. चार भरलेले.
उरलेले दोन मी बोटानं दाखवले:
मराठी का आयटी,
जीवशास्त्र का भूगोल.

स्वामी सर खडू झटकत म्हणाले होते,
भूगोलात हात आखडता असतो तपासणाऱ्याचा.
जीवशास्त्र ठेवा, दोन्ही दारं उघडी राहतात.
आणि मराठीत पंच्याण्णव कोण देतं बाळांनो?
आयटी घ्या, तिथं मार्क सांडत नाहीत.

"आन् हे पर्सेंटाइल काय गं?"

मी व्यंकटदादाचं सांगितलं.
अर्धेच मार्क, तरी शहाण्णव,
कारण त्या सकाळी गणितानं सगळ्यांनाच आडवं केलं.
उज्माला त्याच्याहून जास्त पडले, तरी ती खाली.
तिच्या शिफ्टचा पेपर सोपा निघाला
आणि सगळे तिच्याबरोबरच वर चढले.
"मग ते सारखं करून घेतात," मी म्हटलं.
"कसं, ते सरांनाबी नीट सांगता येत नाही."

बाप हसला.
"मला येतंय.
माल आला. मीटर लावला, ओल चौदा.
ठरल्याच्या वर जेवढी, तेवढं कापायचं.
बारदाना निराळा कापायचा. माती, काडी, कडता.
शेवटी पावतीवर ऱ्हातं
ते पोत्याचं वजन नसतं, दाण्याचंबी नसतं.
ते बाजाराचं वजन.
आन् भाव?
तो शेजारच्या ढिगाकडं बघून."

मग ज्यात कडता कमी, तेच पेरावं का?

गल्लीतून क्लास सुटलेल्या पोरांच्या सायकली गेल्या,
पाठीवर दप्तरं, तोंडात सूत्रं.
त्या जाईपर्यंत तो बोलला नाही.

"पेरतात की.
औशापासून निलंग्यापोत्तर सोयाबीनच सोयाबीन.
ज्याला त्याला वाटलं, हे हमखास.
आता करडईची दोन पोती आली
तर आडत्या गादीवरून उठतो."
जरा थांबून स्वतःच म्हणाला,
"पन करडईवाल्यानं दोन साल मार खाल्ला, हेबी खरंय.
मी तुला खोटं कामून सांगू?"

मला वाटलं, आता तो सांगेल काय लिहू.
त्यानं नुसता एक दाणा काढला,
दाढेखाली धरला. कट्.
"वाळलाय," म्हणाला, कुणाला कोण जाणे.

"ट्रक येतो काट्यावर भरून.
भरलेला तर कुनीबी मोजंल.
पन तो रिकामा केवढा, ते ठावं नसलं
तर आतल्या मालाचं काय कळनार?
तू रिकामी असतीस तवा काय करतीस?"

मी काय करते?
गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर
मांजरा काढते. कुठं वळते, कुठं आटते,
बालाघाटाच्या रेघा पेन्सिलीनं बारीक बारीक.
घरणी, तावरजा, तेरणा, कोण कुणाला कुठं मिळते.
त्याला कुणी मार्क दिलेले नाहीत,
म्हणून कुणी कापलेलेही नाहीत.

हे मी त्याला सांगितलं नाही.
त्यानं पाहिलेलं असणार. वह्यांची रद्दी तोच घालतो,
तोच मोजून घेतो.

सहाव्या खान्यात मी भूगोल लिहिलं.
हात थरथरला, ते जाऊ द्या.

दुसऱ्या खान्यात मात्र आयटी.
इतकी शूर नाही मी.
एका पोत्यात करडई भरायची
तर दुसऱ्यात सोयाबीन लागतंच.
मराठी सोडली, आणि हे लिहायला बसले
तेव्हा हाताशी तीच होती.

बापानं फॉर्म दिव्याखाली धरला,
पावती वाचतो तसा, आधी खालून.
पालकाच्या सहीची जागा शोधली
आणि कोपऱ्यात, सवयीनं, तिरपी सही केली.
बेरीज नव्हती कुठं,
तरी एकदा तपासली.